‘काहीही बनवणारी लाइन’ हा गैरसमज

पुनर्रचनाक्षम उत्पादन प्रणाली म्हणजे प्रोग्राम बदलला की हवा तो माल काढणारी लाइन, असं सर्रास सांगितलं जातं. ते वर्णन खरं तर लवचिक प्रणालीचं, म्हणजे सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीनच्या लाइनचं आहे. तिथे बदलतं ते सॉफ्टवेअर. आणि अनेकदा कधीच न वापरल्या जाणाऱ्या क्षमतेचे पैसे आधीच मोजलेले असतात.

मिशिगन विद्यापीठात योराम कोरेन यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या पुनर्रचनाक्षम प्रणालीच्या कल्पनेत यंत्ररचनाच बदलते, तीही सुट्या भागांच्या एकाच कुटुंबापुरती. उदाहरणार्थ, वेगवेगळ्या इंजिनांचे सिलिंडर हेड. छिद्रांचा कोन बदलला, तर स्पिंडलचं (हत्यार फिरवणाऱ्या दांड्याचं) मॉड्यूल हलवायचं. मागणी वाढली, तर तुंबणाऱ्या टप्प्यावरच आणखी एक मशीन जोडायचं. त्यासाठी जागा आणि कन्व्हेयरची सोय मात्र पहिल्या आराखड्यातच हवी. ही अट विक्रेते हळूच गाळतात!

आणि बदल केला की लगेच पूर्ण वेगाने उत्पादन? छे. जोडणीनंतर मापं हलतात. चूक कोणत्या मशीनची हे चटकन कळावं म्हणून तपासणी लाइनमध्येच बसवतात. पुरवठादारांचे साचे आणि फिक्श्चर (भाग पकडून ठेवणाऱ्या चौकटी) जुनेच राहिले, तर बदललेली लाइनही मालाची वाट पाहत उभी राहते.