मिनीव्हॅनच्या दाराला काय कळतं?

विमानतळावरून घरी यायला आई आमच्या मिनीव्हॅनमध्ये बसली आणि सवयीने दाराची मूठ धरून तिने ती जोरात ओढली. दार निघालं. पण ते हळू येतंय असं वाटून तिने मूठ पुन्हा ओढली, तर दार थबकलं, पिंप-पिंप वाजलं आणि मागे गेलं. "बिघडलंय वाटतं रे," असं म्हणून ती खजील झाली. खरं तर चूक तिची नव्हती. साताऱ्यात आयुष्यभर मारुती व्हॅनमध्ये बसलेल्या माणसाला सरकतं दार म्हणजे दणकन ओढायची वस्तू. आमच्या गाडीत मात्र दार मोटरवर सरकतं, त्यामुळे मुठीची पहिली ओढ म्हणजे 'निघ' आणि मधेच दिलेली दुसरी ओढ म्हणजे 'मागे फिर'. न्यू जर्सीतल्या त्या पार्किंगमध्ये मी तिला हे सांगितलं खरं, पण दाराला नेमकं काय कळतं आणि काय कळत नाही, हे मला स्वतःलाही नीट समजायला पुढचा एक हिवाळा जावा लागला.

क्रायस्लरने १९८४ च्या मॉडेलपासून अमेरिकेत मिनीव्हॅन रुजवली, तेव्हा सरकतं दार एकाच बाजूला, फुटपाथच्या बाजूला होतं आणि ते हाताने ओढावं लागे. मोटरवर चालणारी दारं १९९० च्या दशकात आली. आज अमेरिकेतल्या टोयोटा सिएना, होंडा ओडिसीसारख्या गाड्यांत ती सर्रास दिसतात. भारतात २०२० साली आलेल्या किया कार्निव्हलमुळे बटणावर सरकणारं दार आपल्याकडेही अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं.

हे दार तीन रुळांवर लटकतं. एक वर छताच्या कडेला, एक खाली पायरीपाशी आणि तिसरा गाडीच्या मागच्या अंगावर, खिडकीच्या खाली. प्रत्येक रुळात दाराच्या एकेका हाताची चाकं धावतात. रुळांची पुढची टोकं आत वळलेली असतात. म्हणूनच दार उघडताना आधी थोडं बाहेर येतं आणि मग मागे सरकतं. मिटताना शेवटी ते आत वळून गाडीच्या अंगाशी सपाट बसतं. ते शेवटचे काही मिलिमीटर सगळ्यांत कठीण, कारण तिथे दाराभोवतीचं जाड रबर दाबावं लागतं. ते काम दार ओढणारी मोटर करत नाही. कुलपातच एक वेगळी छोटी मोटर असते, ती दाराला आत खेचून घेते. शेवटी येणारा तो 'घर्रर्र' आवाज तिचा.

मुख्य मोटर बहुतेक गाड्यांत पोलादी केबलने दार ओढते. विहिरीच्या रहाटासारखंच हे: ढोलावर केबल एका बाजूने गुंडाळली जाते, दुसऱ्या बाजूने सुटते. मोटरच्या दांड्यावर छोटं चुंबक असतं आणि शेजारी हॉल सेन्सर. चुंबकीय क्षेत्रामुळे वीज वाहणाऱ्या पट्टीत आडवा विद्युतदाब तयार होतो, हे एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलं. चुंबक फिरलं की सेन्सरमधून ठोके निघतात. ठोके मोजले की दार कुठवर आलं ते कळतं आणि दोन ठोक्यांमधला वेळ मोजला की वेग कळतो.

एवढंच त्याचं ज्ञान. दाराला डोळे नाहीत.

मग मधे बोट आलं तर? दोन खुणा असतात. पहिली, ठोके अचानक लांबतात. दुसरी मला फार सुंदर वाटते. फिरणारी मोटर स्वतःच एक छोटं जनित्रही असते. तिच्यात उलट दिशेचा विद्युतदाब तयार होतो आणि तो बॅटरीच्या दाबाला अडवून प्रवाह आटोक्यात ठेवतो. मोटर अडली की हा विरोध घटतो आणि प्रवाह वाढतो. म्हणजे किती जोर लागतोय, हे मोटर स्वतःच सांगत असते. याशिवाय दाराच्या पुढच्या कडेला पुष्कळ गाड्यांत रबराची पोकळ पट्टी असते. तिच्यात एकमेकांना न टेकणारे दोन वीजवाहक असतात. दाबल्यावर ते टेकतात आणि दार मागे फिरतं.

आता दाराच्या बाजूने विचार करून बघा. खालच्या रुळात चुरमुरे, वाळू, मुलांच्या बुटांतून आलेली खडी साचली आहे. मोटरला जास्त जोर लागतोय. ही खडी आहे की कुणाचं बोट? ठोक्यांवरून आणि प्रवाहावरून त्याला हा फरक कळू शकत नाही. म्हणून विनाकारण मागे फिरणारं दार बहुतेक वेळा 'बिघडलेलं' नसतं, त्याचा स्पर्श गढुळलेला असतो. आमचं दार तसं करायला लागलं तेव्हा मी आधी मोटरचीच किंमत विचारत फिरलो. शेवटी व्हॅक्यूम क्लीनर आणि जुना टूथब्रश यांनी काम झालं. रूळ साफ ठेवणं हा नीटनेटकेपणाचा भाग नाही, सुरक्षेचा भाग आहे, असं तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो.

उतारावरही हीच गोष्ट. दाराचं वजन ४० किलो धरा. गाडी १० अंशांच्या उतारावर नाक वर करून उभी असेल, तर मिटणाऱ्या दाराला गुरुत्वाकर्षण सुमारे ६८ न्यूटनने मागे ओढतं, म्हणजे साधारण ७ किलोचं ओझं. मोटरला ते ओझं वाहूनही बोट ओळखायचं असतं. अर्धवट उघडं दार उतारावर सोडू नये, ते याचसाठी. पूर्ण उघडल्यावर ते खिट्टीत अडकतं, अर्ध्यावर त्याला असा आधार नसतो.

मोटर दार सावकाश का आणते, याचंही गणित आहे. हाताने सेकंदाला १ मीटर वेगाने लोटलेल्या या दारात २० जूल ऊर्जा असते. वेग पाव केला की ऊर्जा सोळावा हिस्सा, सव्वा जूल. तरीही निर्धास्त राहू नये. २०२३ साली अमेरिकेत किया कार्निव्हलच्या ५० हजारांहून जास्त गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मागे फिरायची सोय असूनही मिटणाऱ्या दाराने इजा होण्याचा धोका दिसला होता. मुलं चढत असताना बटण मोठ्या माणसाच्याच हातात असावं, हे माझं ठाम मत आहे.

हिवाळ्यात वेगळं संकट. गाडी धुतल्यावर रबरात राहिलेलं पाणी गोठतं आणि दार चिकटतं. आपण बटण दाबतो, कुलूप सुटतं, मोटर ओढते, दार हलत नाही, प्रवाह चढतो. याच साखळीचं गंभीर रूप २०१६ मध्ये दिसलं. अमेरिकेतल्या सात लाखांहून जास्त टोयोटा सिएना परत बोलावल्या गेल्या. दार अडलं तर विशिष्ट परिस्थितीत मोटरचा फ्यूज उडू शकत होता आणि त्या क्षणी कुलूप सुटलेलं असेल, तर चालत्या गाडीत दार उघडण्याची शक्यता होती. म्हणून थंडीत बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. दार बाहेरून तळहाताने चारी बाजूंनी दाबून बर्फ मोडावा. थंडी सुरू होण्याआधी रबर पुसून त्याला सिलिकॉन लावलं तर ही वेळच क्वचित येते.

चाकांना आणि सांध्यांना ग्रीस लागतं, पण गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच आणि थोडंच. रुळात तेल ओतू नये, त्यावर धूळ बसून काही दिवसांत खळ तयार होते.

बॅटरी काढून बसवल्यावर दार बटणाला दाद देत नसेल तर घाबरू नका. ठोक्यांचा हिशोब शून्यावरून सुरू झालेला असतो, दार कुठे आहे हेच त्याला ठाऊक नसतं. बऱ्याच गाड्यांत ते एकदा हाताने पूर्ण मिटवलं की हिशोब पुन्हा जुळतो. पेट्रोल भरताना त्या बाजूचं दार उघडलं नाही तर तोही बिघाड नव्हे. पुष्कळ गाड्यांत टाकीचं झाकण उघडं असताना दार त्यावर आपटू नये म्हणून ते मुद्दाम अडवलेलं असतं.

खरी काळजी करायची ती केबलची. रस्त्यावरचं मीठ आणि ओल यांनी तिचे धागे एकेक तुटतात. दार सरकताना कडकड किंवा खरवडल्यासारखा आवाज येऊ लागला, की दाराची मोटर मुख्य बटणाने बंद करा, दार हाताने वापरा आणि गॅरेज गाठा. हा आवाज आमच्याकडे आधी आईने ओळखला. "रहाटाचा दोर उसवतो ना, तसं वाजतंय," ती म्हणाली. पॅनेल उघडलं तेव्हा केबलचे धागे खरोखरच उसवलेले होते.