उपग्रह इंटरनेट : डेटा मर्यादा व वेगकपात

उपग्रहावरून मिळणाऱ्या इंटरनेट जोडणीत ठरावीक मुदतीत, बहुधा महिन्याला, पूर्ण वेगाने किती डेटा वापरता येईल याची कंपनीने घालून दिलेली हद्द म्हणजे डेटा मर्यादा किंवा कोटा. कोटा संपल्यावर जोडणी न तोडता वेग मुद्दाम उतरवणे म्हणजे वेगकपात. कंपनीच्या कागदावर हेच 'वाजवी वापर धोरण' किंवा एफयूपी या नावाने येते. बोलताना लोक 'डेटा संपला, नेट स्लो झालं' एवढंच म्हणतात.

ही मर्यादा का लागते, हे कृष्णाकाठच्या माणसाला कालव्यावरून चटकन कळते. टेंभू किंवा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे आवर्तन सुटले की वरच्या अंगाच्या शेतांनी किती पाणी उचलले यावर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचे नशीब ठरते. उपग्रहाचा झोत, म्हणजे तो एका टापूवर रोखतो ती लहरींची शलाका, असाच सामाईक असतो. डिसेंबर २०१८ मध्ये सोडलेल्या इस्रोच्या जीसॅट-११ या दळणवळण उपग्रहाची एकूण क्षमता सेकंदाला सुमारे १६ गिगाबिट आहे आणि ग्राहकांसाठी त्याचे ३२ झोत देशभर पडतात. साधा भागाकार केला तर एका झोताच्या वाट्याला जेमतेम ५०० मेगाबिट येतात, आणि एका झोताखाली कितीतरी जिल्हे बसतात. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला सेकंदाला ५ मेगाबिट लागतात असे धरले, तर रात्री शंभर घरांनी एकाच वेळी सिनेमा लावला की तो झोत भरला. जमिनीवर फायबरची आणखी एक तार ओढता येते. आकाशात गेलेल्या उपग्रहाची क्षमता मात्र सोडताना होती तेवढीच राहते.

कपातीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिल्यात कोटा संपताच वेग एका ठरावीक आकड्यावर बांधला जातो, पुढचे रिचार्ज होईपर्यंत. दुसऱ्यात आकडा बांधलेला नसतो. गर्दी झाली की कोटा संपलेल्यांना रांगेत मागे उभे केले जाते आणि गर्दी ओसरली की त्यांना पुन्हा भरपूर वेग मिळतो. प्लॅनवर मोठ्या अक्षरात 'अनलिमिटेड' लिहिलेले असते तेव्हा बहुतेकदा यांपैकी काहीतरी खाली बारीक अक्षरात असते. घेणाऱ्याने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : कोटा किती जीबी, तो संपल्यावर वेग किती, आणि कोटा कोणत्या तारखेला पुन्हा भरतो. काही कंपन्या मध्यरात्रीनंतरच्या वापरासाठी वेगळा कोटा देतात; मोठे अपडेट तेव्हा लावणे शहाणपणाचे.

उतरलेला वेग म्हणजे प्रत्यक्षात काय? समजा तो ५१२ किलोबिट झाला, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबाइट. दोनशे किलोबाइटचा सातबारा तीन-चार सेकंदांत उतरतो, यूपीआयचा व्यवहार होऊन जातो. ई-पीक पाहणीसाठी बांधावरून काढलेला ४ एमबीचा फोटो चढायला मात्र मिनिटभर लागते, तेही चढतीचा वेग आणखी कमी नसेल तर. ऑनलाइन तास चालतच नाही. चित्र गोठते आणि बाईंचा आवाज तुटत तुटत येतो. एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत खातो, त्यामुळे ५० जीबीचा कोटा अवघ्या सोळा-सतरा तासांत संपू शकतो. घरात दोन मुले शिकत असतील तर महिन्याचा उत्तरार्ध कोरडाच जातो, आणि ही अडचण गंभीर आहे.

वेग आणि विलंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्याने आकाशात एकाच जागी दिसणारा (जीसॅट-११ असाच), ३५,७८६ किलोमीटर उंच असतो. विनंती वर जाऊन खाली येणार आणि उत्तरही त्याच वाटेने परतणार, यातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. कोटा शाबूत असला तरी व्हिडिओ कॉलवर समोरच्याचे बोलणे उशिरा येते ते यामुळे. जादा डेटा विकत घेऊन हा विलंब कमी होत नाही. स्टारलिंकसारख्या सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांत तो पुष्कळ कमी असतो, पण एका टापूत ग्राहक वाढले की क्षमता तिथेही वाटूनच घ्यावी लागते.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी तापोळा-बामणोलीकडे आणि पाटण तालुक्याच्या डोंगरात, जंगल व चढउतारामुळे टॉवर आणि फायबर दोन्ही अवघड जातात. तिथे उपग्रहाचा पर्याय खरा उपयोगी. योगायोग असा की जीसॅट-११ चे स्थान ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि सातारा शहरही जवळपास त्याच रेखांशावर. त्यामुळे इथली छत्री (डिश अँटेना) जवळजवळ थेट दक्षिणेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ६९ अंश वर रोखावी लागते. इतक्या उंचावरचा उपग्रह सह्याद्रीच्या कड्याआड सहसा जात नाही. खालून फिरणाऱ्या उपग्रहांचे तसे नाही. त्यांना आकाशाचा मोठा तुकडा मोकळा लागतो, आणि घळीतल्या घराला किंवा दाट झाडीला तेच जड जाते.

नियमांच्या बाजूने पाहता, ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१६ मध्ये तारेवरच्या ब्रॉडबँडसाठी कोटा संपल्यावरही वेग ५१२ किलोबिटच्या खाली नेऊ नये असे बजावले. २०२३ मध्ये ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठीचा किमान वेग २ मेगाबिट झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले; त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व धाराशिव या जिल्ह्यांवर भर आहे. कोयनाकाठची गावेही तितकीच दुर्गम आहेत, त्यांचाही विचार व्हायला हवा.

पावसाळ्यात तक्रार करण्याआधी कारण ओळखावे. जुलैची झड लागली की थेंब लहरी शोषतात, मोडेम सावध होऊन वेग आपोआप उतरवतो आणि उघडीप मिळताच वेग परततो; याचा कोट्याशी संबंध नाही. रात्री आठ ते अकरा मंद आणि पहाटे चांगले चालत असेल तर ती गर्दी. दिवसा-रात्री, पावसात-उन्हात स्पीड टेस्टवर एकच कमी आकडा अडून बसला असेल, तर बहुधा कोटा संपलेला आहे.