सामाईक मोटर मंडल (सर्किट)

एका मुख्य ब्रेकरपुढील एकाच केबलवरून दोन किंवा अधिक मोटारी चालवण्याची मांडणी. अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअरची सबमर्सिबल, विहिरीवरची मोनोब्लॉक आणि गोठ्यातले कडबाकुट्टी यंत्र अशी जोडणी आढळते.

केबलसाठी रूढ नियम असा : सर्वांत मोठ्या मोटारीच्या पूर्णभार प्रवाहाच्या 125 टक्के, अधिक इतरांचे पूर्ण प्रवाह. तो अमेरिकी नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये (पहिली आवृत्ती 1897) आढळतो. वायरिंगच्या भारतीय मानकाची, आयएस 732 ची, 2019 ची आवृत्ती आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीला जवळची आहे. जादा 25 टक्क्यांचे स्पष्टीकरण दोन प्रकारे देतात. काहींच्या मते ती तरतूद सलग चालणाऱ्या मोटारीच्या उष्णतेसाठी आहे. दुसऱ्या मतानुसार ओव्हरलोड रिले (जादा प्रवाह झाल्यास मोटार बंद करणारे साधन) मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या प्रवाहापेक्षा थोडा अधिक प्रवाह दीर्घकाळ वाहू देतो, तो केबलने सोसावा म्हणून. हे दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे.

समजा, पाट्यांवर 9, 5 आणि 3.5 अँपिअर आहेत. नियमाने 11.25 + 5 + 3.5 = 19.75 अँपिअर. तांब्याची 4 चौरस मिमी केबल एवढा प्रवाह सहज नेते. पण डीपीपासून (गावातल्या रोहित्रापासून) 200 मीटरवर, तिन्ही मोटारी चालू असता, तिच्यात सुमारे 28 व्होल्ट गळतात. 415 व्होल्टवर 5 टक्के म्हणजे 21 व्होल्टच्या आत राहायचे, तर 6 चौरस मिमी (घट सुमारे 19) किंवा ॲल्युमिनियमची 10 चौरस मिमी लागते. शेतात बहुधा प्रवाहापेक्षा अंतरच केबल ठरवते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून केबल ओढते, म्हणून ती वाळूच्या थरात, थोडी सैल पुरावी.

ब्रेकर केबलसाठी असतो. मोटार वाचवणे हे तिच्या स्वतःच्या रिलेचे काम. वरील उदाहरणात 20 अँपिअरचा सी-प्रकार ब्रेकर (आकड्याच्या 5 ते 10 पट प्रवाहावर तत्काळ पडणारा, म्हणजे ट्रिप होणारा) अपुरा : भारनियमनानंतर लाइन येताच ‘ऑटो’वरच्या (लाइन येताच मोटार आपोआप सुरू करणाऱ्या स्विचवरच्या) तिन्ही मोटारी एकदम सुरू होतात, सुरुवातीचा प्रवाह सहापट धरून 105 अँपिअर खेचतात आणि हा ब्रेकर 100 पासूनच तत्काळ पडू शकतो. शिवाय त्याचा आकडा 30 अंश सेल्सिअससाठी असतो. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत तो आणखी लवकर पडतो. 25 चा सी-प्रकार (तत्काळ पडण्याची कक्षा 125 ते 250) योग्य. त्याहून अधिक प्रवाहावर पडणाऱ्या डी-प्रकाराचा मोह टाळावा : त्याला तत्काळ पडायला 500 अँपिअरपर्यंत लागू शकतात, तर 200 मीटरवर दोन फेज भिडल्यास 6 चौरस मिमी केबलमधून जेमतेम 280 मिळतात. ब्रेकर रेंगाळतो, केबल जळते. किटकॅटमध्ये (फ्यूजमध्ये) जाड तार भरली तरी हेच घडते. प्रत्येक ऑटोचा विलंब 10-15 सेकंदांनी वेगळा ठेवणे हा खरा उपाय.

एक फेज गेल्यावर चालू असलेली मोटार त्या फेजवर स्वतः दाब निर्माण करते. त्यामुळे दाब मोजणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेल्यास मोटार बंद करणारे उपकरण) फसतो, शेजारची मोटार दोन फेजवर गुरगुरत राहते आणि वाइंडिंग जळते. सामाईक मंडलात म्हणून प्रत्येक स्टार्टरला प्रवाह मोजणारा प्रिव्हेंटर बसवतात.