आधी चौकट, मग अंतर

‘क्वेरी रखडतेय, मोठा सर्व्हर घ्या.’ डेटाबेसला केलेली विचारणा (क्वेरी) मंदावली की मिळणारा हा सल्ला ऐकला की मी आधी तिच्यातलं फंक्शन दाखव म्हणतो. परवा एका मित्राने दाखवलं. पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशाचा डेटा हाताळायला शिकवणारी जोड) विहिरींच्या दहा लाख नोंदी, आणि दिलेल्या बिंदूपासून ५०० मीटरच्या आतल्या विहिरी शोधणारं, डेटाबेसमध्येच साठवलेलं फंक्शन. कल्पना उत्तम, दहा लाख ओळी नेटवर्कवरून ओढण्यापेक्षा हिशेब डेटापाशी नेलेला बरा. पण आत अट होती ‘एसटी_डिस्टन्स ५०० किंवा त्याहून कमी’. म्हणजे दहा लाख वेळा अंतर मोजायचं आणि बहुतेक सगळं फेकून द्यायचं.

त्या जागी ‘एसटी_डीविदिन’ (एवढ्या अंतराच्या आत आहे का, इतकंच विचारणारं फंक्शन) लिहिलं की उत्तर तेच येतं, पण वाट बदलते. ही वाट इंडेक्समधून, म्हणजे नोंदी झटकन शोधण्यासाठी आधी बांधून ठेवलेल्या सूचीतून जाते, आणि माझी फार लाडकी आहे. तिच्या मुळाशी असलेली ‘आर-ट्री’ ही रचना अँटोनिन गटमन यांनी १९८४ मध्ये मांडली. प्रत्येक आकृतीभोवती आडवी-उभी चौकट आखायची. तळ्याचा काठ हजारो बिंदूंचा असेल, त्याची चौकट मात्र चार आकड्यांत मावते. जवळजवळच्या चौकटी एका मोठ्या चौकटीत, त्या आणखी मोठीत. एका पानावर शंभर चौकटी धरल्या तर दहा लाख नोंदींना तीनच मजले पुरतात! शोधबिंदूपासून चारही बाजूंना ५०० मीटर पोचणारी चौकट टाकायची. तिला न शिवणारी फांदी आतल्या हजारो विहिरींसकट एका तुलनेत बाद. चौकटी एकमेकींवर चढतात, म्हणून कधी दोन-तीन फांद्यांत उतरावं लागतं. शेवटी हाती उरलेल्या मूठभर विहिरींचंच खरं अंतर मोजायचं, कारण चौकटीचे कोपरे वर्तुळाबाहेर असतात.

एक बारकावा. तुमचं फंक्शन दुसऱ्या क्वेरीच्या अटीत वापरणार असाल तर ते शक्यतो साध्या एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेत लिहा. प्लॅनर (क्वेरी कोणत्या वाटेने चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) ते उलगडून आतली अट पाहू शकतो आणि इंडेक्स वापरतो. पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या प्रोग्रामिंग भाषेतलं फंक्शन त्याच्यासाठी बंद डबा. तो ते ओळीमागून ओळ चालवत राहतो.

एककांनी मीही एकदा तोंडघशी पडलोय. कोऑर्डिनेट अक्षांश-रेखांशांत होते आणि मी निवांत ५०० लिहिलं. ते झाले ५०० अंश. सपाट धरलेल्या अंशांच्या नकाशात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतरच सुमारे ४०२ अंश, त्यामुळे एरर न येता टेबलातली प्रत्येक नोंद ‘जवळची’ ठरली. अंशांना १११ किलोमीटरने गुणूनही भागत नाही. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढा असला तरी ६० अक्षांशावर निम्माच भरतो. शेवटी कॉलम ‘जिऑग्राफी’ या, पृथ्वी गोल धरून मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रकारात नेला, त्यावर नवा इंडेक्स बांधला, तेव्हा ५०० म्हणजे ५०० मीटर झाले.