शेंगाचटणीत दाण्याची सालं आम्ही का ठेवतो

आमची शेंगाचटणी पहिल्यांदा नेलेले बरेच जण दुसऱ्या खेपेला विचारतात, "चटणी जरा काळपट का? आणि मागून तुरट का लागते?" दोन्हींचं कारण एकच. भाजलेले दाणे चोळून-पाखडून आम्ही त्यांची लालसर सालं काढत नाही, सालीसकटच कुटतो. दुकानातल्या गर्दीत हे नीट सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

तो तुरटपणा येतो प्रोसायनिडिन आणि कॅटेचिन या द्रव्यांमुळे. ही फ्लेव्होनॉइड कुळातली. ऊन, कीड, बुरशी यांच्यापासून बचाव म्हणून झाड ती बनवतं, त्यामुळे बहुधा ती बाहेरच्या थरात साठतात. म्हणजे आपण जे सोलून टाकतो, नेमकं त्यातच. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा घ्या. त्यातलं क्वेर्सेटिन, हेही याच कुळातलं द्रव्य, सर्वांत जास्त असतं बाहेरच्या पाकळ्यांत. कांदा सोलताना वाळलेला पापुद्रा तेवढा काढा, त्याखालची जाड पाकळी टाकू नका. पांढऱ्यापेक्षा लाल कांद्यात ते जास्त. शिजवल्यावर बरंचसं टिकतं, पण पाण्यात उतरतं. म्हणून उकळलेलं पाणी ओतून न देता आमटीत घाला. शेवग्याच्या पाल्यातही क्वेर्सेटिन भरपूर आहे. आपल्या सोलापुरी डाळिंबाच्या दाण्याचा लाल रंग अँथोसायनिनचा. तेही याच कुळातले.

ही द्रव्यं सुजेवर चांगली, असं बरेच जण म्हणतात. त्यांचा सुजेशी काय संबंध? ठेच लागली की बोट लाल होतं, ठणकतं. ही सूज म्हणजेच दाह, आणि तो गरजेचा. जखम भरली की ओसरतो. घोर लावतो तो वर्षानुवर्षं न ओसरणारा मंद दाह. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी त्याचं नातं आहे. पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन असतं. ते जागं झालं की दाह वाढवणारे निरोप सुटतात. प्रयोगशाळेत पेशींवर फ्लेव्होनॉइड घातले की हे प्रथिन आवरलं जातं. अ‍ॅस्पिरिन ज्या विकराला (एन्झाइमला) अडवते, त्यालाही त्यातले काही रोखतात.

मात्र तिथली मात्रा आपल्या जेवणातून रक्तात पोचते त्यापेक्षा कितीतरी मोठी असते. खाल्लेल्यातला बराच भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात, उरलेल्याचं रूप आतड्यात आणि यकृतात बदलतं. नेदरलँड्समधल्या झुट्फेन गावच्या ६५ ते ८४ वयाच्या ८०५ पुरुषांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. चहा, कांदा, सफरचंद यांतून जास्त फ्लेव्होनॉइड घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले. असा अभ्यास नातं दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. म्हणून "गुडघ्याला चटणी चालेल का?" असं कुणी विचारलं की आम्ही सांगतो, आवडीने खा, पण गोळ्या बंद करू नका. रोजच्या ताटात थोडं-थोडं, वेगवेगळं असावं, एवढंच आम्ही खात्रीने म्हणू शकतो.

हळदीबद्दलही विचारणा होते. हळदीतलं कर्क्युमिन फ्लेव्होनॉइड नाही, त्याचं कूळ वेगळं.

क्वेर्सेटिनच्या कॅप्सूल आम्ही विकत नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. अंगात रक्त कमी असेल तर जेवणाबरोबर चहा टाळा. त्यातली तुरट द्रव्यं अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत.

सालं ठेवायची तर दाणा निर्मळ हवा. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं आणि भाजून ते पूर्ण जात नाही. म्हणून भाजण्याआधी काळे, सुरकुतलेले, फुटके दाणे आम्ही हाताने निवडून काढतो. घरी डबा कोरडा ठेवा, ओला चमचा घालू नका, खवट वास आला तर चटणी टाकून द्या. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ती चाखूही नये.

तुरट चव अजिबात नको असेल तर आदल्या दिवशी सांगा. सालं काढून वेगळी कुटून देऊ, भाव तोच.