कोळी चावल्याने उठणारे पुरळ (कोकण)

भातकापणी, गवतकापणी आणि पेंढ्याच्या कामात अंगाला सुटणाऱ्या खाजेचे एक कारण. हे कोळी म्हणजे जाळे विणणारे नव्हेत, तर त्यांच्या आणि गोचिडीच्या गोतातले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. कोकणात अशी खाज सहसा भाताच्या कुसाच्या किंवा खाजकुयलीच्या नावावर जमा होते. पण कुसाची टोचणी तिथल्या तिथे जाणवते आणि अंघोळ केली की बरीच उतरते. कोळ्याची खाज काही तासांनी, बहुधा रात्री अंथरुणात सुरू होते आणि एक-दोन दिवसांत वाढत जाते.

चावणारे प्रकार मुख्यतः दोन. सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) गवतात, बांधावर आणि काजूच्या बागेतल्या झुडपांत चिगर कोळ्याची अळी असते. ती सहा पायांची, तांबूस आणि सुमारे ०.२ मिलिमीटर लांब. ती कातडीत शिरत नाही, रक्तही पीत नाही. लाळेने त्वचेच्या पेशी विरघळवून तो रस शोषते. घोटे, गुडघ्यामागची लवण, जांघ, कमरेला कपडा आवळतो ती जागा, इथे लाल गांधी उठतात. पेंढ्यातला कोळी निराळा. तो धान्यातल्या पतंगांच्या अळ्यांवर जगतो, माणसाला चावतो पण माणसावर टिकत नाही. माळ्यावरचा जुना पेंढा आंब्याच्या आढीसाठी ओढताना पाठीवर, पोटावर आणि हातांवर पुरळ आले तर याची शंका घ्यावी. पेंढा दूर झाला की पुरळ ओसरते.

खरूजही कोळ्यामुळेच होते, पण ती माणसाकडून माणसाला लागते. बोटांच्या बेचक्यांत खाज आणि घरातले सगळेच खाजवत असतील, तर दोष शेताचा नव्हे.

उपाय साधे आहेत. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, गवतावर थेट आडवे होऊ नये. घरी येताच साबणाने अंग चोळून धुवावे, कारण अळी चिकटण्यापूर्वी बराच वेळ अंगावर फिरते. कपडे गरम पाण्यात टाकावेत. खाजेवर कॅलामाइन लोशन लावावे. नखांनी ओरबाडल्यास जखम पिकते.

खरी काळजी स्क्रब टायफस या तापाची. काही चिगर अळ्यांत त्याचे जंतू असतात. अळी आयुष्यात एकदाच प्राण्यावर पोसते, म्हणजे एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जंतू नेत नाही; तो मादीकडून अंड्यांत उतरत राहतो. चावल्यावर साधारण १० दिवसांनी थंडी-ताप आणि डोकेदुखी सुरू होते. पावसाळ्यात व त्यानंतर तो ताप लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) किंवा डेंगी समजला जाण्याची भीती असते. वेळीच ओळखला तर डॉक्सिसायक्लिनने बरा होतो; उशीर झाल्यास जिवावर बेततो. चाव्याच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसू शकते. ती दुखत नाही, खाजतही नाही आणि काखेत किंवा जांघेत लपलेली असते. म्हणून ताप आलेल्या कापणीवाल्याने आपण गवतात होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे आणि संकोच न करता सर्वांग तपासू द्यावे.