फेसलिफ्टची चौकशी करायला येण्यापूर्वी

आमच्याकडे येणारे बरेच जण खुर्चीत बसल्याबसल्या दोन्ही हातांनी गाल कानाकडे ओढतात आणि म्हणतात, "डॉक्टर, एवढंच करून द्या." हे 'एवढंच' म्हणजे फेसलिफ्ट, या पत्रकातली सगळ्यांत मोठी शस्त्रक्रिया. तिची गरज मात्र अनेकांना नसते.

नेमकं काय उतरलंय?

वयाबरोबर कातडीचा पोत बिघडतो, आतली चरबी आणि हाड झिजून गालफडं बसतात, आणि कातडीखालचा थर सैल होऊन घसरला की जबड्याची रेषा मोडते. सुरीचं खरं काम या घसरणीवर. वांग, काळे डाग, उन्हाने रापलेली कातडी यांवर फेसलिफ्टचा काहीही परिणाम होत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर जोरकस लेझर किंवा पील (रसायनाने वरची कातडी सोलणं) मारलं तर उलट नवे डाग उठू शकतात, म्हणून तिथेही घाई नको. आणि दाढा पडून तोंड बसलं असेल तर आधी दाताच्या डॉक्टरांकडे जा. चांगल्या कवळीने चेहरा किती भरून येतो, हे आम्ही पाहिलंय.

पापण्या

'तू दमलेली दिसतेस' असं चारचौघं म्हणायला लागले की दोष बहुधा पापण्यांचा असतो. वरच्या पापणीची जादा कातडी नैसर्गिक घडीतच कापून काढतात, त्यामुळे व्रण घडीत लपतो. जागेपुरती भूल, साधारण तासाभराचं काम, संध्याकाळी घरी. टाके पाच ते सात दिवसांनी निघतात. सूज आणि काळंनिळं उतरायला दोन आठवडे धरा. खालच्या पापणीखालच्या पिशव्या म्हणजे पुढे आलेली चरबी. ती थोडी काढतात किंवा खळग्यात सरकवतात. इथे हात आखडता ठेवणंच बरं, कारण जास्त कातडी गेली तर पापणी खाली ओढली जाते आणि डोळा नीट मिटत नाही. डोळे आधीच कोरडे असतील तर नेत्रतज्ज्ञांची तपासणी झाल्याशिवाय आम्ही तारीख देत नाही. एकच पापणी अचानक खाली आली असेल तर मात्र सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात जा.

फेसलिफ्ट

चीर कानाच्या पुढून निघून पाळीला वळसा घालून मागे केसांत जाते. पूर्वी नुसती कातडी ताणत. तो ताण टिकत नसे आणि चेहरा वाऱ्यात उभा असल्यासारखा दिसे. 1976 मध्ये दोन फ्रेंच शल्यचिकित्सकांनी कातडीखालच्या 'स्मास' नावाच्या थराचं वर्णन केलं. आता ओढायचं ते त्या थराला, कातडी वरून सैलसर बसवायची. वेळ तीन ते पाच तास, बहुधा पूर्ण भूल. लोकांत मिसळण्याजोगं व्हायला दोन-तीन आठवडे, आणि सूज पूर्ण जिरायला काही महिने. मुलीच्या लग्नासाठी करायचं असेल तर मुहूर्ताच्या महिनाभर आधी येऊ नका, सहा महिने आधी या.

कातडीखाली रक्त साकळणं हा सर्वांत जास्त आढळणारा धोका. रक्तदाब असणाऱ्यांत आणि पुरुषांत तो अधिक. चेहऱ्याच्या नसेला इजा क्वचितच होते, पण होऊ शकते. कानामागचा व्रण अंबाडा घातला की दिसू शकतो, आणि पुरुषांची दाढी कानाच्या जवळ सरकते. परिणाम सात ते दहा वर्षं टिकतो असं धरा, पण वय त्याच्या गतीने पुढे जातच राहतं.

तंबाखूबाबत आम्ही हट्टी आहोत. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आखडतो आणि कानामागची कातडी मरू शकते. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान चार आठवडे सिगारेट, तंबाखू, गुटखा सगळं बंद. आणि हो, मिश्रीसुद्धा. ती लावणाऱ्या बायका 'मला व्यसन नाही' असंच सांगतात.

सुया आणि धागे

कपाळावरच्या आठ्यांना बोटॉक्स, म्हणजे आठ्या पाडणारे स्नायू सैल करणारं इंजेक्शन. असर तीन-चार महिने. बसलेल्या गालांना फिलर, म्हणजे कातडीखाली टोचायचा भराव. सहा महिने ते दीड वर्ष. हायल्युरॉनिक आम्लाचा फिलर नको वाटला तर विरघळवता येतो. पण तो चुकून रक्तवाहिनीत गेला तर कातडी मरते आणि क्वचित दृष्टीही जाते, म्हणून ब्युटी पार्लरमध्ये टोचून घेऊ नका. कातडीखाली धागे घालून चेहरा उचलण्याचं काम आम्ही करत नाही: वर्षभरही न टिकणाऱ्या गोष्टीचे पैसे घेणं पटत नाही.

खर्च

निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही, आणि तिच्यावर जीएसटी लागतो. अंदाजपत्रकात भूल, रुग्णालय आणि कर वेगवेगळे लिहून मागा, आमच्याकडूनही.

पहिल्या भेटीला

मेकअप न करता या. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा जवळून काढलेला फोटो आणा, चालू औषधांची चिठ्ठी आणा. त्यात आयुर्वेदिक काढे आणि माशाच्या तेलाच्या गोळ्याही लिहा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी आम्ही बोलू. केस रंगवायचे असतील तर आधीच रंगवा, नंतर काही आठवडे जमणार नाही. पहिल्या भेटीत आम्ही आगाऊ रक्कम घेत नाही.